चर्चच्या आतले जुने फोटो: साल कसं ओळखायचं? (वसई, तीन फोटो, मदत हवी आहे)

सुकेळी
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वसईतल्या आमच्या चर्चचा मोठा सण पुढच्या वर्षी आहे आणि त्यानिमित्त फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय. चर्चचं नाव आत्ता लिहीत नाही कारण फोटो बाहेर टाकायला फादरांची परवानगी अजून घ्यायची आहे, म्हणून इथे पण मी शब्दांतच सांगणार आहे. सेक्रिस्तीतलं (वेदीशेजारच्या सामानाच्या खोलीतलं) कपाट आवरताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीन फोटो सापडले, तिन्ही चर्चच्या आतले.

फोटो १: मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी झालाय. चर्च पूर्ण रिकामं, एक माणूस नाही. समोर मुख्य वेदी, सहा उंच मेणबत्त्या, डाव्या भिंतीला लाकडी पुल्पिट (प्रवचनाचा उंच मंच), वरून साखळीला टांगलेला दिवा. बाक नाहीत. मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, नीट लागत नाही.

फोटो २: छोटा, पोस्टकार्डापेक्षाही लहान, कडा कातरलेल्या नागमोडी. वेदीपुढच्या कठड्यापाशी पांढऱ्या वेलवाल्या मुली गुडघ्यावर, फादर कम्युनियन (पवित्र भाकर) देतायत, मागे खाली बसलेल्या बायका, सगळ्यांच्या डोक्यावर पदर आणि सगळ्यांची लुगडी काळी. पण पुल्पिट इथे उजवीकडे आहे!! बाजूला एक जाडजूड मेणबत्ती, तिच्यावर इंग्रजी पी सारखं अक्षर आणि खाली 8.

फोटो ३: काळापांढरा पण स्वच्छ, पोस्टकार्ड साइझ. वेदी पुढे आलेली, फादर लोकांकडे तोंड करून, माइक, ट्यूबलाइट, बाक.

समितीने लेबलं लिहून पण ठेवलीत, "१८८०", "१९३०" आणि "१९६०". मी विचारलं कशावरून, तर म्हणे अंदाजे. मला हे पटत नाहीये. एकदा छापून भिंतीवर लागलं की पुढची पन्नास वर्षं तेच खरं होऊन बसणार, आणि आमच्याकडे १७३९ च्या वसईच्या लढाईच्या आधीचं कितीतरी गेलेलं आहे, जे उरलंय त्याच्यावर तरी चुकीचा आकडा नको. कोणाला यातलं कळतं का प्लीज सांगा.

---

पिंपळपान
रविवार, रात्री १०:१५

छान धागा. मी पुण्याचा, चर्चमधलं मला काही कळत नाही पण आमच्या वाड्यातल्या देवघराच्या फोटोचं साल शोधताना एक शिकलो ते सांगतो, फोटोत काय आहे याच्यापेक्षा सगळ्यात उशिरा आलेली वस्तू कोणती ते बघायचं. शंभर वस्तू जुन्या असतील, एक नवी असेल तर फोटो त्या नव्या वस्तूनंतरचाच. आमच्याकडे समई, देव्हारा, चौरंग सगळं पणजोबांच्या काळचं आणि कोपऱ्यात विजेचं बटण! त्या एका बटणाने चाळीस वर्षं इकडची तिकडे झाली.

---

काळोखी_खोली
रविवार, रात्री ११:०२

ताई, मी गिरगावात तीस वर्षं स्टुडिओत काम केलं, आता रिटायर आहे. आधी हात जोडून सांगतो, फोटो लॅमिनेट करू नका, खोडरबर लावू नका, ओल्या कापडाने पुसू नका आणि मागे बॉलपेनने काही लिहू नका. पुढची आणि मागची दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजू लोक विसरतात आणि निम्मी माहिती तिथेच असते.

आता कागद बघू. फोटो १ उजेडात तिरका धरा. काळ्या भागात, कडेकडेने आरशासारखी निळसर चंदेरी झाक दिसते का? दिसली तर तो जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, म्हणजे चांदीचा कागद, आणि तो साधारण १८९० नंतर सर्रास झाला. त्याआधीचा असेल तर बहुतेक अल्ब्युमिन म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा कागद, तो फार पातळ असतो म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागायचा, आणि पिवळा पडतो. नुसतं तपकिरी आहे म्हणून १८८० म्हणू नका, धुलाई नीट नाही झाली तर १९४० चा फोटो पण तपकिरी होतो.

दुसरं, बाजारात नोटा तपासायचा निळा दिवा मिळतो ना, अल्ट्राव्हायोलेटचा, तो आणा. अंधाऱ्या खोलीत फोटोच्या पांढऱ्या कडेवर मारा. १९५० च्या सुमारापासून कागदात पांढरेपणासाठी चमक आणणारं रसायन घालायला लागले, तो कागद निळा पांढरा चकाकतो. चकाकला तर त्याच्या आधीचा नाही. नाही चकाकला तर मात्र लगेच जुना म्हणू नका कारण नंतरचे पण काही कागद चकाकत नाहीत. पुठ्ठ्यावर नको, फोटोच्या कागदावरच मारा.

---

सुकेळी
सोमवार, दुपारी १:२०

काका खूप खूप आभार. आमच्या गावच्या किराणावाल्याकडूनच दिवा आणला. फोटो १ अजिबात नाही चकाकला आणि काळ्या भागात चंदेरी झाक अगदी स्पष्ट आहे. फोटो २ थोडासा चकाकला. फोटो ३ तर ट्यूबलाइटसारखा!

म्हणजे फोटो २ चं १९३० गेलं ना?

---

काळोखी_खोली
सोमवार, दुपारी २:०५

गेलं. १९३० च्या कागदात ते रसायन नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात असू द्या, दिवा प्रिंटचं वय सांगतो, फोटो काढल्याचं नाही. जुन्या निगेटिव्हवरून नंतर प्रिंट काढलेला असू शकतो. पण कातरलेल्या कडा आणि साइझ तुम्ही सांगताय तसा असेल तर तो १२० च्या रोलचा कॉन्टॅक्ट प्रिंट दिसतो, निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो, आणि असे प्रिंट लोक रोल धुतला की लगेच काढून घ्यायचे.

काळ्या लुगड्यांबद्दल, ती काळी असतीलच असं नाही. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग बघूच शकत नाही, लाल म्हणजे तिला काळोखच. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो त्याच्यामुळेच. कोडॅकची साधी व्हेरिक्रोम फिल्म १९५६ पर्यंत तशीच होती, मग व्हेरिक्रोम पॅन आली आणि लाल रंग राखाडी यायला लागला. म्हणून माझा अंदाज १९५६ च्या आधीचा फोटो.

---

मेणवात
सोमवार, रात्री ८:४८

मी काही वर्षं सेमिनरीत होतो, नंतर बाहेर पडलो, पण लहानपणापासून सेक्रिस्तीत वावर आहे. ताई मला फोटो २ खासगी निरोपात पाठवलात त्याबद्दल आभार. अर्धा तास बघत बसलो होतो आणि काहीतरी खुपत होतं ते कळत नव्हतं, मग कळलं.

फादर डाव्या हाताने कम्युनियन देतायत.

असं होणं शक्य नाही. त्या काळात तर नाहीच नाही. पवित्र भाकर उजव्या हातात आणि पात्र डाव्या हातात, प्रत्येक फादरला हे मुरलेलं असायचं. मग हाताकडे बघा, मनगटाजवळ एक कापडी पट्टी लोंबतेय, तिला मॅनिपल म्हणतात, ती डाव्याच हातावर बांधतात. फोटोत उजव्या हातावर आहे. म्हणजे फोटो उलटा छापलाय! आरशात धरून बघा, पुल्पिट आपोआप डावीकडे जाईल, फोटो १ मध्ये आहे तिथेच. पुल्पिट कधी हललंच नव्हतं.

आणि मग मेणबत्तीवरचं ते पी. आरशात पी चा काय होतो?

---

सुकेळी
सोमवार, रात्री ९:०३

९!!!!

अंगावर काटा आला खरंच. आरसा घेऊन बसलेय. इंग्रजी 9 आणि खाली 8.

---

मेणवात
सोमवार, रात्री ९:३०

हो. ती पास्काची, म्हणजे ईस्टरची मेणबत्ती आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री फादर तिच्यावर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा, आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे. वर डावीकडे १, वर उजवीकडे ९, खालच्या ओळीत उरलेले दोन. आपल्याला उजवीकडची बाजू दिसतेय, डावीकडची फुलांनी झाकलीय. म्हणजे साल एकोणीसशे काहीतरी आठ.

आता ही आकडे कोरायची पद्धत पूर्वीपासून नव्हती. पोप पायस बाराव्यांनी पास्काची रात्र परत रात्री साजरी करायला १९५१ मध्ये प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि नोव्हेंबर १९५५ च्या आदेशाने १९५६ पासून पवित्र सप्ताहाचा नवा विधी सगळीकडे लागू झाला. त्याआधी तो विधी शनिवारी सकाळी उरकायचे. म्हणजे १९४८, १९३८ सुटले. राहिले १९५८, १९६८, १९७८.

१९७८ नाही कारण वेदी भिंतीला चिकटलेली आहे, वेदीवर तीन चौकटीतले पाठाचे तक्ते उभे आहेत लॅटिन प्रार्थनांचे, आणि मॅनिपल. मॅनिपलची सक्ती १९६७ मध्ये उठली. १९६८ ला कोणी वापरलंच नसेल असं नाही पण शक्यता कमी.

एक धोका सांगून ठेवतो, मेणबत्ती महाग असते, काही ठिकाणी मागच्या वर्षीचीच परत वापरतात आणि आकडा तेवढा खरवडून बदलतात. म्हणून नुसत्या मेणबत्तीवर जाऊ नका, अजून एखादा आधार शोधा.

---

काळोखी_खोली
सोमवार, रात्री १०:१०

वा मेणवात! हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी फोटो बघून म्हणणार होतो की जरा मऊ आलाय, फोकस चुकलाय. फोकस नाही चुकलेला. निगेटिव्ह उलटी पडली की फिल्मची जाडी मध्ये येते आणि प्रिंट किंचित मऊ येतो. दुकानात गर्दीच्या दिवसांत पोरं भराभर प्रिंट काढायची तेव्हा हे व्हायचं.

माझा १९५६ च्या आधीचा अंदाज मी मागे घेतो. गावात जुना रोल वर्ष दोन वर्षं पडून असायचा, शिवाय ऑर्थो फिल्म दुसऱ्या कंपन्यांच्या पण मिळायच्याच. फिल्मवरून मी सांगितलं ते मोघम होतं, मेणबत्तीवर आकडा कोरलेला आहे.

---

जुनी_पाटी
मंगळवार, सकाळी ७:५५

ताई फोटोच्या मागचे शिक्के बघा. मला टपाल आणि जुन्या पाकिटांचा नाद आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, शिक्क्यात सहा आकडी पिन असेल तर त्यानंतरचा. मुंबई २८, मुंबई ४ असं नुसतं असेल तर बहुधा त्याआधीचा, पण स्टुडिओवाले रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरायचे तेव्हा दोनचार वर्षं इकडेतिकडे धरा. पाकीट असेल तर किंमत बघा. आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा जेमतेम नंतरचं, "नये पैसे" असेल तर १९५७ ते १९६४, नुसतं पैसे असेल तर त्यानंतर. पत्त्यात बॉम्बे स्टेट असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. रेल्वेचं नाव असेल, बी.बी.सी.आय., तर १९५१ च्या आधीचं कारण त्या वर्षी पश्चिम रेल्वे झाली.

---

सुकेळी
मंगळवार, दुपारी ३:३०

जुनी_पाटी, फोटो ३ च्या मागे शिक्का आहे, स्टुडिओचं नाव आणि इंग्रजीत "बसीन" (वसईचं जुनं इंग्रजी नाव), पिनकोड नाही. मागचा कागद साधा कागदासारखाच लागतो, प्लास्टिकसारखा नाही. फोटो २ च्या मागे काही नाही.

---

मेणवात
मंगळवार, दुपारी ४:१५

फोटो ३ सोपा आहे मग. लोकांकडे तोंड करून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि भिंतीपासून सुटी वेदी, याला रोमने सप्टेंबर १९६४ च्या सूचनेत वाट करून दिली आणि ती ७ मार्च १९६५ पासून लागू झाली. मुंबईत तर डिसेंबर १९६४ मध्ये स्वतः पोप पॉल सहावे युकॅरिस्टिक काँग्रेसला (कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्याला) आले होते, ओव्हल मैदानावर, तेव्हा वसईतून झुंडीच्या झुंडी गेल्या होत्या. त्यानंतर आपल्याकडे बदल झपाट्याने झाले, लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आली. म्हणून समितीचं "१९६०" चालणार नाही. १९६५ नंतर आणि पिन नाही म्हणून साधारण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत.

---

काळोखी_खोली
मंगळवार, दुपारी ४:४०

जुळतं. प्लास्टिकचा थर असलेला आरसी कागद आपल्याकडे सत्तरच्या दशकात पसरला, हा त्याआधीचा, प्लास्टिक नसलेला बॅराइटा कागद आहे. पुठ्ठा नाही, चकाकी भरपूर. मी पण १९६५ ते १९७२ च्या आसपास म्हणेन.

---

दोहावाली
मंगळवार, रात्री ११:२०

मी आगाशी बाजूची, सध्या कतारला. धागा वाचून रडू आलं हो. आमच्या घरी आजोबांच्या लग्नाचा चर्चमधला फोटो होता, पत्र्याच्या छपरातून पाणी गळालं आणि सगळा गेला, चेहरे पुसले गेले, फक्त कडेचा खांब राहिला. इकडे चर्चच्या ग्रुपवर मी सगळ्यांना सांगितलंय की सुट्टीला गेलात की घरचे फोटो स्कॅन करा. सुकेळी, एक सुचवू का, बायकांना विचार. फादर दर काही वर्षांनी बदलतात, समितीतले पुरुष नोकरीला मुंबईला जायचे पहाटेच्या गाडीने. चर्च झाडायला, फुलं लावायला आमच्या आया आज्याच होत्या, त्यांना फरशीचा कुठला दगड कधी बदलला ते पण माहीत असतं.

---

सुकेळी
रविवार, दुपारी १२:५०

आठवडाभर गप्प होते कारण दोहावालीने सांगितलं ते केलं. तिन्ही फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढल्या, फोटो २ सुलटा करून, आणि आज मिस्सा झाल्यावर बाहेर झाडाखाली चार म्हाताऱ्या बसतात त्यांच्यापुढे ठेवल्या. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या.

पहिली पाच मिनिटं नुसती भांडणं. एक म्हणे हे आपलं देऊळच नाही (जुन्या बायका अजून चर्चला देऊळच म्हणतात). दुसरी म्हणे आपलंच, तो बघ खांबाला तडा. मग फादर कोण यावरून वाद, चार जणींची चार नावं. मी ती लिहून घेतली पण त्यावर अवलंबून राहणार नाही.

मग लुगड्यांचा विषय काढला. मी म्हटलं काळी का नेसलात सगळ्या, तर एक आजी अशी चिडली, "काळं कोण नेसेल गं पोरींच्या पहिल्या कम्युनियनला? लाल होती, लालभडक, घडीची काढलेली." काका, तुमची ऑर्थो फिल्म बरोबर निघाली!

मग सगळ्यात थोरल्या मावशी, त्या तोपर्यंत काही बोललेल्या नव्हत्या, त्यांनी कठड्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या हा लाकडी आहे. याला वाळवी लागली आणि काढून सिमेंटचा केला, माझी पहिली कम्युनियन सिमेंटच्या कठड्याला झाली, गार लागत होता म्हणून मी आईचा हात धरला. मी विचारलं साल? साल नाही आठवत म्हणाल्या, पण पोप वारले त्याच्या पुढच्या वर्षी, देवळात काळं कापड लावलं होतं ते आठवतंय.

मेणवात, कुठले पोप असतील??

---

मेणवात
रविवार, दुपारी १:३५

पायस बारावे ९ ऑक्टोबर १९५८ ला वारले. त्यानंतर जॉन तेविसावे जून १९६३ मध्ये. मावशींचं वय किती? आणि फोटो २ मध्ये खांबावर एक तसबीर आहे, चष्मा लावलेला बारीक चेहरा, ती मोठी करून पाठवता का?

---

सुकेळी
रविवार, दुपारी २:१०

मावशींचा जन्म १९५१ चा, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये बघितला. पहिली कम्युनियन आमच्याकडे आठव्या नवव्या वर्षी व्हायची. तसबीर पाठवलीय.

---

मेणवात
रविवार, दुपारी ३:००

तसबीर पायस बाराव्यांचीच, गोल चष्मा, बारीक चेहरा, ओळखू येतात. तसबीर वर्षानुवर्षं लटकत राहू शकते म्हणून एकटी असती तर मी धरली नसती. पण आता बघा, मावशी १९५९ मध्ये आठ वर्षांच्या, कठडा तेव्हा सिमेंटचा झालेला, म्हणजे लाकडी कठड्याचा फोटो त्याआधीचा, म्हणजे १९६८ बाद. १९६३ च्या पोपचं धरलं तर कम्युनियन १९६४ ला, मावशी तेरा वर्षांच्या, ते बसत नाही, आणि बसलं असतं तरी १९६८ बादच होतं. राहिलं १९५८.

अजून बारीक जाऊ. पास्काची मेणबत्ती तेव्हा ईस्टरपासून स्वर्गारोहणाच्या गुरुवारपर्यंतच वेदीशेजारी उभी असायची, शुभवर्तमान वाचून झालं की विझवायची. १९५८ चा ईस्टर ६ एप्रिलला होता, स्वर्गारोहण १५ मे. शाळेच्या सुट्टीत पहिली कम्युनियन ठेवायची पद्धत होतीच. एप्रिल किंवा मे १९५८, ताई.

---

पिंपळपान
रविवार, दुपारी ३:२०

कमाल आहे. आरसा, वाळवी आणि एका आजीचा गार लागलेला कठडा. दंडवत.

---

काळोखी_खोली
रविवार, संध्याकाळी ५:००

फोटो १ राहिला ना अजून. ताई, मागची पेन्सिल. दिवा बाजूने, अगदी कागदाला लागून तिरका मारा, पेन्सिल दाबून लिहिलेली असते, खळगे दिसतील. आणि मोबाइलने फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा.

---

सुकेळी
रविवार, रात्री ८:३०

काका दिसलं! "दियोसेझ द दामांव" असं काहीतरी पोर्तुगीज, खाली एक सही, वाचता येत नाही. दमण? आमच्या चर्चचा दमणशी काय संबंध?

---

मेणवात
रविवार, रात्री ९:१५

खूप संबंध. १८८६ मध्ये दमणचं धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला भाग) झालं आणि वसई, साष्टीकडची पोर्तुगीज पाद्रोआदोखालची, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या धार्मिक अधिकाराखालची चर्चेस त्यात गेली. १९२८ मध्ये ते बंद झालं आणि आपली इकडची चर्चेस मुंबईत गेली. वसईचं वेगळं धर्मप्रांत तर अगदी अलीकडचं, १९९८ चं. म्हणजे ज्याने ते लिहिलं त्याच्या मनात अजून दमण होतं, बहुधा १९२८ च्या आधी. सवयीने नंतर पण लिहिलं असेल, जुनी माणसं लिहितात तसं, म्हणून "बहुधा".

आता त्या फोटोत उजव्या कोनाड्यात एक स्त्री संताचा पुतळा आहे, हातात क्रूस आणि फुलं. तो कोणाचा? झगा गडद आणि वरचा अंगरखा फिका आहे का, की उलटं?

---

सुकेळी
रविवार, रात्री ९:४०

भिंगाने बघितलं. आतला झगा गडद, वरून खांद्यावरचा अंगरखा पांढरा. फुलं गुलाबासारखी, क्रुसाला धरलेली, खाली पडतायत.

---

मेणवात
रविवार, रात्री १०:०५

मग संत तेरेझा, लिझ्यूची, लहान तेरेझा. कार्मेली पोशाख, तपकिरी झगा आणि पांढरा अंगरखा. सिएनाची कॅथरिन असती तर उलट असतं, आत पांढरा आणि वर काळा, डोक्यावर काट्यांचा मुकुट. लहान तेरेझा १८९७ मध्ये वारल्या, १९२३ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) आणि १७ मे १९२५ ला संत घोषित. त्याच्या आधी वसईच्या कोनाड्यात त्यांचा पुतळा असायचं कारण नाही. "१८८०" मध्ये त्या सात वर्षांच्या होत्या.

म्हणजे पुतळा म्हणतो १९२३ ते १९२५ च्या नंतर, पेन्सिल म्हणते बहुधा १९२८ च्या आधी.

---

जुनी_पाटी
सोमवार, सकाळी ८:१०

हे तर माझ्या पाकिटांसारखंच झालं, एका बाजूने तिकीट, दुसऱ्या बाजूने शिक्का. अवांतर: दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आतला एक फोटो माझ्याकडे आहे, तिथे काम सोपं आहे, आजची इमारत चार्ल्स कोरियांची, सत्तरच्या दशकातली, त्यामुळे जुना सभामंडप दिसला की त्याआधीचा.

---

सुकेळी
शनिवार, रात्री १०:३०

आज समितीची मीटिंग झाली. सगळं मांडलं, आरसा पण नेला होता. फोटो २ आणि ३ चं लगेच मान्य झालं. फोटो १ वर मात्र बराच वेळ गेला, एका काकांना फार वाईट वाटलं, ते म्हणत होते १८८० असतं तर दीडशे वर्षांचा फोटो झाला असता, किती शोभलं असतं. मला त्यांचं दुःख कळलं खरं, त्यांनीच तो डबा इतकी वर्षं सांभाळला होता, त्यांच्याशिवाय फोटोच नसता. मी त्यांना भिंग दिलं आणि कोनाडा दाखवला. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, तो पुतळा माझ्या आजीने नवस बोलून मुंबईहून आणवला होता असं घरी सांगायचे, साल कोणाला माहीत नव्हतं.

लेबलं अशी ठरलीत:
"मुख्य वेदी, बहुधा १९२५ ते १९२८."
"मुलींची पहिली कम्युनियन, एप्रिल किंवा मे १९५८. मूळ प्रिंट उलटा छापलेला आहे, इथे सुलटा करून लावला आहे."
"नवी वेदी, १९६५ नंतर, साधारण १९७२ पर्यंत."

आणि प्रत्येकाखाली कशावरून ठरवलं ते दोन ओळींत. मावशींच्या कठड्याची आठवण पण लिहिणार, त्यांना विचारून.

आता एक काम राहिलंय. काकांच्या घरी आजीची एक वही आहे म्हणतात, नवस आणि खर्च लिहिलेली, मोडी की पोर्तुगीज की मराठी ते त्यांना पण सांगता येत नाही. उद्या मिस्सा झाल्यावर बघायला जातेय. मोडी निघाली तर इथे वाचणारं कोणी आहे का?

---

जुनी_पाटी
शनिवार, रात्री १०:४१

मला येते. पानांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको.